बेघर माजी सैनिकाच्या कुटुंबाला मदत केंद्रावर नेण्याआधी

अमेरिकेत माजी सैनिकांच्या निवाऱ्यासाठी योजना आहेत. घोडं अडतं ते कागदांवर. म्हणून आधी डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला, शोधा. प्रत ‘मेंबर-४’च हवी. ‘मेंबर-१’वर डिस्चार्ज कोणत्या प्रकारचा ते नसतं, आणि पिशवीत निघते बहुधा तीच. दाखला हरवला असेल तर सेंट लुईसच्या अभिलेख केंद्राकडे एसएफ-१८० हा अर्ज मोफत करता येतो. त्यावर ‘बेघर’ असं ठळक लिहा, तातडीत घेतात. १९६० पूर्वी लष्करातून सुटलेल्यांच्या बहुतेक फायली याच केंद्राला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. त्यांच्याकडून तुकडी, भरतीचं गाव, तारखा असं आठवेल ते लिहून घ्या. दाखल्यावर ‘अदर दॅन ऑनरेबल’ (सन्मानाने मुक्त नाही) असा शेरा पाहून परत फिरू नका. एसएसव्हीएफ (घर मिळवायला किंवा टिकवायला मदत) आणि हड-व्हॅश (भाड्यासाठी सरकारी व्हाउचर) या दोन्ही योजनांत तो चालतो. ‘डिसऑनरेबल’ (अप्रतिष्ठेने बडतर्फ) मात्र नाही.

दुसरी तयारी एकाच प्रश्नाची: काल रात्री कुठे झोपलात? गाडीत झोपलेला माणूस संकोचाने ‘भावाकडे’ म्हणतो आणि तिथेच बेघरांच्या व्याख्येबाहेर जातो. मोटेलचं भाडं स्वतः भरलं असेल तरी तसंच. संस्थेने भरलं असेल तर धरतात, तेव्हा पावती जपा. छप्पर अजून आहे पण जायच्या बेतात आहे, अशांनी घर रिकामं करण्याची नोटीस आणि भाडेकरार न्यावा. त्यांच्यासाठी एसएसव्हीएफमध्ये वेगळी सोय आहे.

सगळ्यांची सोशल सिक्युरिटी कार्डं, मुलांचे जन्मदाखले, अलीकडच्या पगारपावत्या किंवा पेन्शनचं पत्र यांचे दोन संच झिपच्या पिशवीत ठेवा, फोनमध्ये फोटोही. एसएसव्हीएफचे पैसे कुटुंबाच्या हाती येत नाहीत, थेट घरमालकाला जातात. त्यामुळे मालकाचा नंबर आणि त्याने भरलेला डब्ल्यू-९ हा कर क्रमांकाचा फॉर्म लागेल. उसनवारीने डिपॉझिट भरून परताव्याची आशा धरू नका. हड-व्हॅशमध्ये भाड्यापोटी उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरावे लागतात.

मुलांची शाळा थांबवू नका. बेघर मुलांच्या शिक्षणासाठीच्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याने पत्त्याच्या पुराव्याविना लगेच प्रवेश मिळतो, नातेवाइकांकडे राहणाऱ्यांनाही.

मग बेघर माजी सैनिकांसाठीचा मदत क्रमांक ८७७-४२४-३८३८ फिरवा. दिवसरात्र चालू असतो. स्वतःच्या नंबरासोबत विश्वासातल्या माणसाचाही द्या. प्रीपेड फोन बंद पडतो, केंद्राचा फोन लागत नाही, आणि आलेली पाळी पुढच्याला जाते.