विधानं सोपी करताना या चुका टाळा

बारावीची वही असो की प्रोग्रॅममधली अट, चुका त्याच. खाली क, ख, ग ही विधानं, म्हणजे खरी किंवा खोटी ठरणारी वाक्यं. ∼ म्हणजे नकार, ∧ म्हणजे आणि, ∨ म्हणजे किंवा, → हा बाण म्हणजे जर-तर, ≡ म्हणजे दोन्ही बाजू समान अर्थाच्या.

नकार आत गेला, ‘किंवा’ तसाच राहिला

∼(क ∨ ख) म्हणजे ∼क ∧ ∼ख. हा डी मॉर्गनचा नियम पाठ नसलेला विद्यार्थी शोधून सापडणार नाही, तरी घाईत लिहिलं जातं ∼क ∨ ∼ख. वहीत यानं एखादा गुण जातो. प्रोग्रॅममध्ये काय होतं ते पाहा. सूचना अशी: शनिवार किंवा रविवार असेल तर ग्राहकाला संदेश पाठवू नका. अट लिहिली गेली: ‘शनिवार नसेल किंवा रविवार नसेल तर पाठवा.’ शनिवारी ‘रविवार नाही’ हे खरं, रविवारी ‘शनिवार नाही’ हे खरं. म्हणजे अट सातही दिवस सत्य, संदेश रोज जाणार! आणि तपासणी मंगळवारी केली असेल तर सगळं झकास चालतं. चूक कळते ती शनिवारी सकाळी, ग्राहकांचे फोन आल्यावर.

उपाय: ∼ आत नेताना आधी मधलं चिन्ह उलटं करून लिहा, मग दोन्ही बाजूंना ∼ लावा. दोन पायऱ्या एका ओळीत उरकू नका.

‘जर-तर’चा नकारही ‘जर-तर’च

‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ याचा नकार म्हणून सर्रास लिहितात: ‘पाऊस पडला नाही तर सामना रद्द होणार नाही.’ आता समजा पाऊस आला नाही आणि सामना झाला. दोन्ही वाक्यं सत्य! विधान आणि त्याचा नकार एकाच वेळी सत्य कसे असतील? खरा नकार क ∧ ∼ख: पाऊस पडला, आणि तरी सामना रद्द झाला नाही. यात बाण उरतच नाही.

म्हणून कुठलाही नियम लावण्याआधी प्रत्येक क → ख चं ∼क ∨ ख करून टाका. ओळ लांबते, लांबू द्या. बाण ठेवून ‘शॉर्टकट’ मारणारेच पुढे (क ∨ ख) → ग याचं (क → ग) ∨ (ख → ग) करतात. तिथे मध्ये ∧ हवा.

शोषण नियम भलत्याच जागी

क ∨ (क ∧ ख) ≡ क, बरोबर. पण क ∨ (∼क ∧ ख) दिसलं की तेही ‘क’ म्हणून मोकळे होतात. वितरण करा: (क ∨ ∼क) ∧ (क ∨ ख), म्हणजे क ∨ ख.

किरकोळ, पण गुण खाणाऱ्या

∧ आणि ∨ एकत्र असताना कंस काढू नका. क ∨ ख ≡ क ∨ ग असेल तर दोन्हीकडचा क खोडू नका, ही बेरीज नाही. प्रत्येक पायरीसमोर नियमाचं नाव लिहा.

पडताळा

मूळ विधान आणि तुमचं उत्तर सत्यता कोष्टकात मांडा, म्हणजे क, ख, ग खरे-खोटे असण्याच्या प्रत्येक शक्यतेला एक ओळ. एक ओळ जुळली नाही तर उत्तर चूक. एक ओळ जुळली म्हणून बरोबर ठरत नाही. तीन विधानांच्या कोष्टकात ८ ओळी असतात, तेवढ्या मांडायचा कंटाळा करू नये. अगदीच वेळ नसेल तर क आणि ख वेगवेगळे असलेल्या ओळी आधी घ्या, कारण डी मॉर्गनची चूक दोन्ही सारखे असताना लपून जाते. ‘जर-तर’च्या नकाराचं नेमकं उलटं: तिथली चूक क आणि ख सारखे असतानाच उघडी पडते.