वादातल्या मृत्यूवर लिहायचं असेल तर

नाशिकला सीबीएस या बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाबाहेर बसून मी अकरा वर्षं प्रतिज्ञापत्रं टाइप केली. मग गुन्ह्यांवर लिहायला लागले. पोलीस एक सांगतात, घरचे दुसरंच सांगतात, अशा मृत्यूवर लिहायचं कसं, हे नव्यानं लिहिणारे विचारतात. त्यांच्यासाठी हे.

आधी वाद नक्की कशाबद्दल आहे ते एका ओळीत लिहून काढा. माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगते. तरुण मुलगा, मृतदेह गोदावरीत सापडलेला. पोलिसांच्या मते पाय घसरला, भावाच्या मते कुणीतरी ढकललं. शवविच्छेदनात ‘बुडून मृत्यू’ आलं आणि दोन्ही बाजूंनी तोच कागद पुरावा म्हणून माझ्यापुढे धरला! डॉक्टर मृत्यू कशानं झाला ते सांगतात. माणूस पाण्यात कसा गेला, हे फुप्फुसांवरून कळत नाही. हाडाच्या मज्जेत डायटम, म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शेवाळं, सापडली आणि ती नदीच्या पाण्याशी जुळली, तर तो जिवंतपणी बुडाला या म्हणण्याला बळ मिळतं. ढकलणारा हात त्यातही दिसत नाही. म्हणजे ‘बुडाला’ यावर वाद नव्हताच. वाद होता घाटाच्या शेवटच्या पायरीवरच्या काही क्षणांचा. मी महिनाभर भलतीकडेच शोधत होते.

कागद मिळतील तेवढे मिळवा: अकस्मात मृत्यूची नोंद, इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट, व्हिसेराचा, म्हणजे आतल्या अवयवांच्या नमुन्यांच्या तपासणीचा अहवाल. १ जुलै २०२४ पासून ही चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते, त्याआधीच्या कागदांवर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ दिसेल. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवस. तपास चालू असेल तर नकार येऊ शकतो. गुन्हा दाखल होऊन पुढे बंद झाला असेल, तर समरी, म्हणजे पोलिसांचा प्रकरण बंद करण्याचा अहवाल, कोणती ते बघाच. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. ‘बी’ म्हणजे तक्रारच खोटी. या दोन्हींना ‘प्रकरण बंद’ एवढंच म्हणून मोकळं होणं हा मयतावर अन्याय आहे.

साक्षीदाराचं बोलणं त्याच्याच शब्दांत उतरवा, मग पडताळा. एका फुलवाल्या काकांनी मला ठामपणे सांगितलं, “त्या रात्री दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी होतं.” गोदावरीच्या पात्रातल्या या मूर्तीवरून इथे पुराची पातळी सांगतात. नदीवर वरच्या बाजूला असलेल्या गंगापूर धरणाच्या विसर्गाचे त्या आठवड्याचे आकडे काढले. पाणी चढलं होतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. काका खोटं बोलत नव्हते, त्यांच्या मनात दोन दिवस एक झाले होते. मी त्यांचं म्हणणं खोडलं नाही. त्याच्याशेजारी आकडे ठेवले.

चटकदार वाक्याला फार जपा. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. पण आमच्या आनंदवल्लीला जिचं नाव आहे, त्या आनंदीबाईंना ‘ध’चा ‘मा’ अडीचशे वर्षं चिकटून आहे. तुमचं एखादं वाक्य असंच एखाद्या जिवंत माणसाला चिकटेल. ‘खुनी’, ‘कट’ हे शब्द न्यायालयाआधी वापरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे, नातेवाइकांना दुखावण्याच्या हेतूनं केलेली मृत व्यक्तीची बदनामीसुद्धा गुन्हा ठरू शकते. आत्महत्येची शक्यता असेल तर पद्धत वर्णन करू नका, मथळ्यात तर नाहीच, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मजकुरासोबत द्या.

त्या मुलाची आई पहिल्याच भेटीत म्हणाली होती, “ताई, काय लिहायचं ते लिहा, पण माझ्या पोराला दारुडा लिहू नका.” चार महिन्यांनी व्हिसेराचा अहवाल आला, त्यात मद्यार्क होता. लपवणं शक्य नव्हतं. मी लिहिलं, ‘त्या रात्रीच्या नमुन्यात मद्यार्क आढळला.’ एका रात्रीचा नमुना माणसाची सवय सांगत नाही, म्हणून पुढे एक शब्दही जोडला नाही. छापायला देण्याआधी पंचवटीतल्या त्यांच्या घरी जाऊन ते पान वाचून दाखवलं. आई बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “असू दे.”

हे वाचून दाखवणं कधीही टाळू नका. त्याच दिवशी पुढच्या पानावर मी वाचलं, ‘डाव्या मनगटावर घड्याळ.’ आईनं तिथेच थांबवलं. “उजव्या. तो लहानपणापासून उजव्याच हातात घालायचा.” घरी येऊन पंचनामा काढला. त्यात ‘उजव्या’ असंच होतं. पंचांची चूक झाली असेल असं धरून ती मीच बदलली होती.