अपघात दावे चालवताय? मग निदान या चुका टाळा

मोटार अपघाताचा दावा म्हणजे सोपं काम, असा समज ज्युनिअर मंडळींत पक्का बसलाय. जुन्या दाव्याची फाइल उघडायची, नाव, गाव, गाडी नंबर बदलायचा की अर्ज तयार. हे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाची चौकशी संक्षिप्त असते, हे खरं. पण पुरावाच लागत नाही, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो अपंगत्वाच्या दाखल्यावरून होणाऱ्या गोंधळावर. पक्षकार ४० टक्क्यांचा दाखला आणतो, वकील तो कागदांच्या यादीसोबत दाखल करतो आणि दावा जिंकल्यासारखा चहाला जातो. अहो, ४० टक्के कशाचे? हाताचे की पूर्ण शरीराचे? आणि त्यातून कमाई किती बुडाली? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक समजावून सांगितलाय. शरीराचं अपंगत्व वेगळं, कमावण्याच्या क्षमतेत आलेली घट वेगळी. टक्केवारी डॉक्टरने सांगायची, कमाईवरचा परिणाम न्यायाधिकरणाने ठरवायचा. तो ठरवता यावा असा पुरावा मात्र आपणच द्यायचा.

एका सुताराचं प्रकरण माझ्याकडे अपिलासाठी आलं होतं. टेम्पोची धडक, उजवं मनगट मोडलेलं, सांधा कायमचा आखडलेला. ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांना बोलावलंच नव्हतं, कारण ‘ते कोर्टात यायला कटकट करतात’. दाखला दुसऱ्याच डॉक्टरचा. उलटतपासात विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, ‘हे ४० टक्के उजव्या हाताचे ना?’ ‘हो.’ ‘उपचाराचे मूळ कागद पाहिले होते?’ ‘नाही.’ ‘याला सुतारकाम जमणार नाही, असं दाखल्यात आहे?’ ‘नाही.’ संपलं. न्यायाधिकरणाने कमाईतली घट १० टक्के धरली.

आता हिशेब बघा. वय ३४, गुणक (वार्षिक कमाईला वयानुसार ज्याने गुणायचं तो आकडा) १६. महिना १५,००० म्हणजे वर्षाला १,८०,०००. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून २,५२,०००, गुणिले १६ म्हणजे ४०,३२,०००. त्याचे १० टक्के ४,०३,२०० होतात आणि ४० टक्के १६,१२,८००. रंधा मारणाऱ्याचा उजवा हात निकामी झाला, तर ४० सुद्धा मला कमीच वाटतात. डेटा एन्ट्री करणाऱ्या एका तरुणाचा उजवा हात गेला, तेव्हा उच्च न्यायालयाने धरलेली ४५ टक्के घट सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ६५ वर नेली. तो पप्पू देव यादवचा निकाल फाइलमध्ये ठेवाच. जखमीलाही भविष्यातली वाढ मिळते हेही त्यात आहे.

माझी सवय अशी: उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीसमन्स काढायचंच, आणि त्यांना दवाखान्यात आधी भेटून एकच विचारायचं की हा माणूस त्याच्या कामातलं नेमकं काय करू शकत नाही. शिवाय त्याच धंद्यातला एक साक्षीदार. सुताराचं काम दुसऱ्या सुताराइतकं कुणीच नीट सांगत नाही.

दुसरी चूक, अर्जातली कहाणी. ‘जाबदाराने भरधाव वेगाने, निष्काळजीपणे वाहन चालवून’ हे वाक्य झेरॉक्ससारखं फिरतं. घटनास्थळ पंचनाम्यात गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडली होती, चाकाच्या खुणा कुठे होत्या, हे न वाचताच अर्ज लिहिला जातो. मग अर्जात समोरून धडक, पंचनाम्यात मागून. विमा कंपनीला सहभागी निष्काळजीपणाचा, म्हणजे चूक जखमीचीही होती असा, मुद्दा आपणच ताटात वाढून देतो. मी फिर्याद, पंचनामा आणि डिस्चार्ज कार्ड समोर असल्याशिवाय पहिलं वाक्यही टाइप करत नाही. पक्षकार घाई करतो, करू दे.

बाकीच्या थोडक्यात.

मुदत: १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघातानंतर ६ महिन्यांची मुदत आहे. तिला आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर पक्षकाराला ताटकळत ठेवू नका.

उत्पन्न: ‘महिना ५०,००० कमवत होता’ आणि कागद एकही नाही. बँकेचं पासबुक, मालाची बिलं, ठेकेदाराची साक्ष, जे मिळेल ते आणा. अंदाजे आकडा फुगवलात तर खरा आकडाही कोणी मानत नाही.

प्रणय सेठी: सर्वोच्च न्यायालयाच्या या २०१७ च्या निकालातले, मृत्यूच्या दाव्यात सहवास गमावल्याचे ४०,००० आणि अंत्यविधी व मालमत्तेच्या हानीचे प्रत्येकी १५,००० आजही तसेच टाइप करणारे आहेत. त्याच निकालात दर ३ वर्षांनी १० टक्के वाढ सांगितलीय. निकाल पूर्ण वाचा, व्हॉट्सॲपवरचा सारांश नको.

मागणी: कमी मागितले म्हणून न्यायाधिकरणाचे हात बांधले जात नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नागप्पा निकालापासून ठरलेलं आहे. तरी पुराव्यानंतर मागणीच्या रकमेत दुरुस्तीचा अर्ज द्यावा, असं माझं मत.

अपील: कलम १७३ खाली ९० दिवस. अवॉर्ड (न्यायाधिकरणाचा निकाल) झाला त्याच दिवशी त्याच्या नकलेचा अर्ज टाका, पक्षकार समाधानी दिसला तरी.