किल्ला आधी बांध, मग गल्लीभर सांग

आमच्या बेळगावातल्या वडगावात दिवाळी जवळ आली की पोरांच्या तोंडात एकच विषय, किल्ला. आमचे चिरंजीव (वय 9) गेल्याच्या गेल्या वर्षी दसऱ्यापासूनच गल्लीभर सांगत सुटलेले, यंदा आमचा रायगड सगळ्यात मोठा, लाईटिंग काय, कारंजं काय, आणि वसुबारसला बघतोय तर दारात एक पाटी माती नाही. शेवटी रात्री अकराला दगड रचून गोणपाट टाकून मीच चिखल थापत बसलो. तेव्हा डोक्यात आलं की चूक त्याच्या एकट्याची नाही, तो नुसतं "करणार" म्हणाला की आम्हीच "व्वा रे पठ्ठ्या" म्हणत होतो. शाबासकी आधीच मिळाली तर मातीत हात कोण घालणार?

हे नुसतं माझं डोकं नाही हं. पीटर गोलविट्झर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2009 साली कायद्याच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केलेला, ज्यांचा "हे करणार" असा लिहून दिलेला इरादा दुसऱ्या कुणीतरी वाचून नोंदवला त्यांनी नंतर त्या कामाला वेळ कमी दिला.

तर आम्ही काय बदललं ते सांगतो. पोरगं बढाई मारालंय म्हणून चारचौघात टोमणा मारायचा नाही, त्यानं ते अजून मोठी थाप मारतंय. फक्त विचारायचं, "बरं, मग आज काय करूया?" आणि काम एवढं लहान करायचं की संध्याकाळी खेळून आल्यावर पण होईल. आज दोन पाट्या माती आणून चाळायची. उद्या दगड. परवा बुरूज. रात्री जेवायच्या आधी मी बाहेर जाऊन बघणार, तोंडी रिपोर्ट चालणार नाही. पहिले दोन दिवस कुरकुर झाली, तिसऱ्या दिवशी मी यायच्या आधीच बॅटरी घेऊन दारात उभा.

यात सगळ्यात चांगला मास्तर म्हणजे अळीव. किल्ल्यावर हिरवळ पाहिजे तर चार-पाच दिवस आधी पेरायला लागतं आणि रोज पाणी शिंपडायला लागतं, गल्लीत कितीही गप्पा हाणा, ते उगवत नाही. यंदा एक दिवस पाणी विसरला तर एक बाजू टकली राहिली. मी काही बोललो नाही, तोच बघून गप्प झाला.

कौतुक पण जपून. "किती हुशार रे तू" म्हणण्यापेक्षा "ही तटबंदी तीनदा पडली तरी परत बांधलीस की" असं म्हणा. मुलर आणि ड्वेक या दोघी संशोधकांच्या 1998 च्या अभ्यासात पाचवीच्या मुलांना हुशारीबद्दल शाबासकी दिली तर मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेल्यांपेक्षा त्यांच्यातली जास्त मुलं नंतर आपले मार्क वाढवून सांगत होती. म्हणजे बढाईचं बी आपणच पेरतोय.

आणि स्वतःकडे पण बघा. "रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेतो" असं मी किती वेळा म्हटलंय विचारू नका, येळ्ळूर कितीसं लांब आहे? शेवटी एकदा काही न सांगता सकाळी सहाला उठवून नेलं, त्यानं खरा बुरूज हात लावून बघितला, आणि यंदा रायगडाचा हट्ट सोडून राजहंसगडच केला. शेजारच्या अज्जी कन्नडमध्ये म्हणतात, तुंबिद कोडा तुळुकल्ला, म्हणजे भरलेली घागर हिंदकळत नाही. पोराला मराठी म्हणीपेक्षा ही पटकन पाठ झाली, आता मलाच ऐकवतो.

यंदा पाहुण्यांनी विचारलं, "काय गा, किल्ला केलास काय?" तर म्हणाला, "बाहेर हाय, बघा की." बस, एवढंच. लगेच सुधारला असं समजू नका, कालपासून शिवजयंतीच्या मिरवणुकीत लेझीममध्ये पुढं मीच असणार म्हणून सुरू झालंय. मी विचारलं, सरावाला किती वाजता जायचं? अजून उत्तर आलेलं नाही.