लिनक्ससाठी टोरंट क्लायंट निवडताना या चुका टाळा

कळवा, मुंब्रा आणि शीळ या पट्ट्यात ‘टोरंट’ हा शब्द कानावर पडला की सर्वप्रथम विजेचे बिल आठवते, कारण २०२० पासून तिथल्या वीजवितरणाचा कारभार त्याच नावाच्या कंपनीकडे आहे. कळव्यातील एका काकांना मी “रात्रभर टोरंट चालू ठेवा” असे सांगितले, तेव्हा त्यांनी अगदी गंभीरपणे मीटरविषयी विचारले होते. या लेखाचा विषय मात्र प्रोग्रामर ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये मांडलेला बिटटोरंट प्रोटोकॉल (मोठी फाइल तुकड्या-तुकड्यांनी एकमेकांत वाटून घेण्याची पद्धत) आणि लिनक्सवर तो वापरण्यासाठी लागणारे क्लायंट, म्हणजे फाइली उतरवणारे व वाटणारे प्रोग्राम, एवढाच आहे.

ठाणे व नवी मुंबईतील ओळखीच्या घरांमधले जुने संगणक लिनक्सवर आणून देण्याचे काम मी हौसेने करतो. त्यानंतर येणारी ठरलेली तक्रार म्हणजे “हा क्लायंट चालत नाही, दुसरा सुचवा”. प्रत्यक्ष जाऊन पाहिले, तर दोष बहुतेक वेळा राउटरमागच्या जोडणीत, फोल्डरच्या परवानगीत किंवा डिस्कच्या प्रकारात सापडतो आणि क्लायंट बिचारा निर्दोष असतो.

गरज वेगळी, साधन वेगळे

एकच मोठी फाइल अनेकांपर्यंत पोहोचवायची असेल, तर टोरंट उत्तम आहे. डेबियन व उबुंटू ही लिनक्सची वितरणे (म्हणजे त्याच्या तयार आवृत्त्या), लिबरऑफिस यांच्या फाइली आणि इंटरनेट आर्काइव्हवरील बराचसा संग्रह त्या मार्गाने मिळतो. परंतु लॅपटॉपमधील लग्नाचे फोटो घरातल्याच दुसऱ्या संगणकावर न्यायचे असतील, तर लिनक्स मिंटसोबत येणारे वॉर्पिनेटर पुरेसे आहे, आणि ऐरोलीचे घर व गावाकडचे घर यांतील एखादे फोल्डर कायम सारखे ठेवायचे असेल, तर सिंकथिंग वापरावे. या कामांसाठी टोरंट क्लायंट शोधत बसणे म्हणजे शेजारच्या मजल्यावर डबा पोहोचवण्यासाठी टेम्पो बोलावण्यासारखे आहे.

विंडोजवरील नावाचा आग्रह

विंडोजवर वर्षानुवर्षे म्यूटोरंट वापरलेल्या माणसाला लिनक्सवरही तेच हवे असते. त्याची लिनक्ससाठी केवळ सर्व्हर आवृत्ती निघाली, तीही केव्हाच जुनी झाली; विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या आधाराने विंडोजची आवृत्ती चालवण्याचा खटाटोप करण्याचे काहीच कारण नाही. तशीच मांडणी हवी असेल, तर क्यूबिटटोरंट वापरून पाहावे, दोन दिवसांत हात बसतो. व्ह्यूझ या जुन्या क्लायंटची सवय असणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये त्यातूनच वेगळे झालेले बिग्लीबीटी आहे.

सोयींची यादी पाहून निवड

क्लायंटमध्ये किती सोयी आहेत हे पाहण्याआधी तो कोणत्या यंत्रावर, कोणाच्या हाताखाली चालणार आहे हे पाहावे. दोन जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असेल आणि फाइल उतरवून ती काही काळ इतरांसाठी सीड करणे (म्हणजे इतरांना उतरवता यावी म्हणून वाटत राहणे) एवढेच काम असेल, तर ट्रान्समिशन पुरते. उबुंटूने ते २००८ पासून दीर्घकाळ आपल्यासोबत दिले ते याच साधेपणामुळे. फाइलींचा अग्रक्रम, वेळापत्रक, ठरावीक नेटवर्क इंटरफेसला बांधून ठेवणे असे बारकावे हवे असल्यास क्यूबिटटोरंट घ्यावे. मात्र त्याची शोधसुविधा पायथन असल्याशिवाय चालत नाही, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जण ती बिघडलेली समजतात.

संगणक कपाटावर मॉनिटरविना ठेवायचा आणि दुसऱ्या खोलीतून चालवायचा असेल, तर ट्रान्समिशन, क्यूबिटटोरंट आणि डेल्यूज या तिघांच्याही सर्व्हर आवृत्त्या उपलब्ध आहेत. डेल्यूजमध्ये सर्व्हरवर १.३ आणि लॅपटॉपवर २.० अशी जोडी केल्यास जोडणीच होत नाही, आणि वापरणारा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत राहतो. आरटोरंट टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्यात, रमणाऱ्यांसाठी आहे. घरातल्या इतरांनीही ते वापरावे अशी अपेक्षा असेल, तर माझ्या मते त्याच्या वाटेला जाऊ नये.

ट्रान्समिशन मंद वाटते म्हणून ग्नोम या डेस्कटॉपचे फ्रॅगमेंट्स घेणाऱ्यांची मला गंमत वाटते, कारण फ्रॅगमेंट्सच्या पोटात ट्रान्समिशनच काम करत असते. टाकी तीच ठेवून नळ बदलल्याने पाण्याचा जोर वाढत नाही. क्यूबिटटोरंट आणि डेल्यूज हेदेखील लिबटोरंट या एकाच तयार कोडच्या संचावर उभे आहेत, त्यामुळे या दोघांत वेगाचा मोठा फरक शोधू नये.

कोठून बसवले याकडे दुर्लक्ष

क्लायंट फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या बंदिस्त पॅकेजच्या स्वरूपात बसवला असेल, तर तो एका कुंपणात चालतो, आणि बाहेरची हार्ड डिस्क फाइल मॅनेजरमध्ये दिसत असूनही त्याला बरेचदा दिसत नाही. फ्लॅटपॅकसाठी फ्लॅटसील या साधनातून त्या फोल्डरची परवानगी द्यावी, स्नॅपसाठी काढत्या माध्यमांची जोडणी चालू करावी. कोणत्या तरी संकेतस्थळावरून फाइल उचलून बसवणे मात्र टाळावेच: मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशनच्या अधिकृत संकेतस्थळावरच मॅकसाठीची खंडणीखोर व्हायरस घातलेली आवृत्ती काही काळ ठेवली गेली होती. लिनक्स त्यात सापडले नाही, पण धडा सर्वांसाठी आहे. क्यूबिटटोरंटमध्येही काही डाउनलोडच्या वेळी सुरक्षा प्रमाणपत्र न तपासण्याचा दोष २०१० पासून होता आणि तो ऑक्टोबर २०२४ मध्ये ५.०.१ आवृत्तीत दुरुस्त झाला. त्यामुळे त्याहून जुनी आवृत्ती असल्यास आपल्या वितरणाने ती दुरुस्ती तिच्यात आणून दिली आहे का, हे पाहून घ्यावे.

वेग नाही म्हणून क्लायंट बदलणे

सर्वाधिक वेळ येथेच वाया जातो. घणसोलीतील एका घरात मला बोलावले, तेव्हा तिथे एका रविवारात तीन क्लायंट बसवून झाले होते आणि तिघांचाही वेग सारखाच रडका होता. अशा वेळी पहिली परीक्षा सोपी आहे: डेबियन किंवा उबुंटूची अधिकृत टोरंट फाइल लावून पाहावी. त्यांना सीड करणारे जगभर भरपूर असतात. ती वेगाने उतरली, तर आपला क्लायंट आणि जोडणी ठीक असून मूळ फाइलला सीड करणारेच कमी आहेत, असे समजावे.

या घरात अधिकृत फाइल वेगाने आली, पण मोजक्या लोकांकडे असलेली जुनी संग्रहित फाइल हलत नव्हती. राउटरच्या पानावर बाहेरच्या जोडणीचा पत्ता पाहिला, तो १००.६४ ते १००.१२७ या गटातला निघाला, म्हणजेच इंटरनेट सेवा देणारा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटत होता. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. तिच्यात आपण इतरांकडे जोडणी करू शकतो, पण इतरांना आपल्याकडे येता येत नाही. शंभर सीड असतील तेव्हा हे जाणवत नाही, दोनच असतील आणि तेही अशाच भिंतीमागे असतील, तर दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत बसतात. राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडल्याने येथे उपयोग होत नाही, कारण अडसर आपल्या राउटरच्या पलीकडे असतो. सेवा देणाऱ्याकडे आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) असल्यास ते राउटर व क्लायंट दोन्हीकडे चालू करावे, नाहीतर जादा शुल्क भरून सार्वजनिक पत्ता मागावा. उबुंटूची यूएफडब्ल्यू ही फायरवॉल मुळात बंदच असते, तेव्हा आपण स्वतः चालू केली नसेल तर तिच्यावर संशय घेऊ नये.

किलोबिट आणि किलोबाइट

इंटरनेटचा प्लॅन बिटमध्ये सांगितला जातो आणि क्लायंट बाइटमध्ये मोजतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर १२.५ मेगाबाइट प्रतिसेकंद हाच कळस असतो. अपलोडला मर्यादाच न घातल्यास घरातल्या व्हिडिओ कॉलचा गळा आवळला जातो, तर अपलोड जवळजवळ बंद केल्यास समोरचे क्लायंटही हात आखडता घेतात, कारण देणाऱ्याला आधी देणे हीच या प्रोटोकॉलची रीत आहे. प्रत्यक्ष मोजलेल्या अपलोड वेगाच्या सुमारे तीन चतुर्थांश मर्यादा मी ठेवतो.

परवानगी आणि डिस्क

डेबियन व उबुंटूवर ट्रान्समिशनची सर्व्हर आवृत्ती ‘डेबियन-ट्रान्समिशन’ या स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावाने चालते, त्यामुळे आपल्या होम फोल्डरमध्ये लिहिताना ती ‘परवानगी नाकारली’ असे सांगते. उपाय म्हणून सर्वांना सर्व मुभा देणे किंवा क्लायंट रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवणे हा आळशीपणा आहे; त्या वापरकर्त्याला फोल्डरच्या गटात घ्यावे. तिची सेटिंग्जची फाइल बदलायची असेल, तर आधी सेवा थांबवावी, कारण बंद होताना ती स्वतःकडची जुनी मूल्ये लिहून आपले बदल पुसून टाकते.

फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि उबुंटू २४.०४ ची डेस्कटॉप प्रतिमा त्याहून मोठी आहे. विंडोजसोबत वाटून घेतलेली एनटीएफएस डिस्क अचानक ‘फक्त वाचनासाठी’ झाली, तर विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करून ते पूर्ण शटडाउन करावे. आणखी एक प्रसंग वीज गेल्यानंतरचा: वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होतो, बाहेरची डिस्क जोडली जाण्याआधीच क्लायंट उठतो, त्याला फोल्डर रिकामे दिसते आणि कधी कधी तो सगळे पुन्हा उतरवायला घेतो. क्लायंटची सेवा डिस्क माउंट झाल्यानंतरच सुरू होईल अशी मांडणी सिस्टमडी या लिनक्सवरील सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीमध्ये करता येते.

इतके तपासूनही क्लायंट बदलायचाच असेल, तर जुना क्लायंट आधी पूर्ण बंद करावा, अर्धवट फाइली फाइल मॅनेजरने हलवू नयेत आणि त्याच्याकडील टोरंट फाइली नव्या क्लायंटमध्ये देऊन तेच जुने फोल्डर दाखवावे. नवा क्लायंट प्रत्येक तुकडा पडताळून पाहतो आणि जेवढे कमी असेल तेवढेच उतरवतो. काही जीबीच्या फाइलीला जुन्या हार्ड डिस्कवर यासाठी वेळ लागतो, त्या दरम्यान शून्य वेग दिसला म्हणून घाबरून तो बंद करू नये.