सीपीयू-झेडमधले ते ४८०

२००८ च्या पावसाळ्यात माझ्याकडे इंटेलचा कोअर २ क्वाड क्यू६६०० प्रोसेसर आला. चार कोअर, २.४ गिगाहर्ट्झ. पैसे वडिलांनी पतसंस्थेतून उचललेले, आणि बाकीचे भाग लॅमिंग्टन रोडवर दिवसभर पायपीट करून जमवलेले. ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला, तर हा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झपर्यंत सहज जातो, असं तेव्हा जो तो सांगायचा. माझा जात नव्हता. सात आठवडे गेला नाही, आणि त्या सात आठवड्यांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा अख्खा अहवाल माझ्या हातून गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी तीन शब्द: एफएसबी म्हणजे मदरबोर्डचा मूळ ठोका (मेगाहर्ट्झमध्ये), मल्टिप्लायर म्हणजे त्याला गुणणारा आकडा, व्हीकोअर म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज. क्यू६६०० चा मल्टिप्लायर ९ च्या वर जात नाही, त्यामुळे वेग हवा तर एफएसबीच वाढवावा लागतो. २६६ चा ३३३ केला की नऊ पटीने ३ गिगाहर्ट्झ. एवढं गणित माझंही पक्कं होतं.

पक्कं नव्हतं ते पुढचं. रॅमसुद्धा त्याच एफएसबीला बांधलेली असते. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगच्या पानांत, रॅमचा वेगळा मल्टिप्लायर असतो. डीडीआर२-८०० ची रॅम २६६ वर पूर्ण वेगाने चालवायची तर तो ३ लागतो: २६६ गुणिले ३, म्हणजे ८००. मी तो ऑटोवर सोडला होता आणि माझ्या बोर्डने शेवटपर्यंत ३ च धरून ठेवला. मी एफएसबी ३०० केला, रॅम ९०० वर गेली. ३२० केला, रॅम ९६० वर. मी प्रोसेसर वाढवत होतो, आणि पाठीमागे रॅम तिच्या कुवतीबाहेर पळत होती.

तपासलं नाही का? तपासलं, आणि तिथेच फसलो. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरीच्या पानावर डीरॅम फ्रिक्वेन्सी ४८० दिसत होती. रॅमच्या पाकिटावर ८००. चारशे ऐंशी आठशेपेक्षा कमीच, म्हणजे रॅम आरामात आहे, असं मी वहीत लिहून ठेवलं आणि तिच्यावरचा संशय कायमचा काढून टाकला.

हे सावकाश वाचा. डीडीआरमधला पहिला डी म्हणजे डबल. रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा देते. सीपीयू-झेड ठोके मोजून दाखवतो, पाकिटावर मात्र दुप्पट केलेला आकडा छापतात. ८०० ची रॅम बरोबर चालत असेल तर तिथे ४०० दिसतात. ३२०० च्या डीडीआर४ ला १६००, ६००० च्या डीडीआर५ ला ३०००. तिथे दिसणाऱ्या आकड्याची आधी दुप्पट करा आणि मगच पाकिटाशी ताडून बघा. माझे ४८० म्हणजे ९६० होते. त्याच पानावर एफएसबी आणि डीरॅमचं प्रमाण २:३ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते मी रोज पाहत होतो, पण त्याचा अर्थ कधी लावला नाही.

लक्षणंही बोलकी होती. प्राइम९५ या मशीनला ताण देऊन तपासणाऱ्या प्रोग्रॅमची स्मॉल एफएफटी चाचणी रात्रभर चालायची आणि ब्लेंड लावली की काही मिनिटांत चूक. स्मॉल एफएफटी बहुतेक प्रोसेसरच्या कॅशमध्येच (त्याच्या आतल्या छोट्या मेमरीत) चालते, ब्लेंड रॅम पिंजून काढते. झिप फाइल उघडताना सीआरसीची चूक (फाइल बिघडल्याची खूण), मधूनच निळा स्क्रीन. एका दुकानात विचारलं तर उत्तर आलं, व्होल्टेज दे अजून. मी १.३० चं १.४० केलं. सोबत मिळालेला साधा पंखा ओरडायला लागला, तापमान चढलं, आजार तसाच. ज्याने मला उपाय सांगितला त्याने रॅम किती वर आहे हे विचारलंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून माझं मत ठाम आहे: न विचारता आकडा देणाऱ्याचं ऐकू नये. दुसऱ्याच्या स्क्रीनशॉटवरून सेटिंग उचलणं हा तसलाच प्रकार. त्याचा बोर्ड वेगळा, रॅम वेगळी, आणि चिप एकाच नावाची असली तरी वेगळी.

शेवटी कॉलेजच्या लॅबमधल्या एका सरांनी तोच प्रश्न विचारला. रॅमचा मल्टिप्लायर त्यांनी २.४ करायला लावला. ३३३ गुणिले २.४, पुन्हा ८००. व्होल्टेज परत खाली आणलं आणि मशीन ३ गिगाहर्ट्झवर उभं राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी वसतिगृहात येऊन नुसता बसून राहिलो.

आता क्रम सांगतो. आधी रॅमचा रेशो, म्हणजे तोच रॅमचा मल्टिप्लायर, हाताने सर्वांत खाली आणा. ३३३ वर २.० ठेवला तर रॅम ६६७ वर चालेल, म्हणजे ती संशयातून बाहेर. मग फक्त प्रोसेसर वाढवा आणि तपासा. तो स्थिर झाला की त्याला हात न लावता रेशो चढवा आणि मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. दोन्ही एकदम वाढवलंत तर चूक कोणाची हे कधीच कळणार नाही.

घाबरू नका, व्होल्टेज जागेवर असेल तर चुकीच्या रेशोने सहसा काही जळत नाही. मशीन सुरूच झालं नाही तर सीमॉस क्लिअर करा, बोर्ड मूळ सेटिंगवर येतो. हे मी किती वेळा केलं त्याची गणती नाही. पण डेटाच्या बाबतीत दयामाया नाही. अस्थिर रॅममधून जी फाइल डिस्कवर लिहिली जाते ती बिघडलेली लिहिली जाऊ शकते, आणि उघडेपर्यंत कळत नाही. माझा अहवाल असाच गेला. बॅकअपसुद्धा त्याच मशीनवर घेतलेला, म्हणून तोही बिघडलेला.

आजच्या मशीनवर हे लागू आहे का? अनलॉक प्रोसेसरचा नुसता मल्टिप्लायर वाढवलात तर रॅम हलत नाही, तेवढी निश्चिंती आहे. बीसीएलके, म्हणजे आजचा मूळ ठोका, वाढवलात तर मात्र जुनीच गोष्ट. रायझन ३००० वर आणखी एक पेच आहे. ३६०० च्या रॅमला मेमरी कंट्रोलर आणि फॅब्रिक (प्रोसेसरचे आतले भाग जोडणारा मार्ग) दोन्ही १८०० वर, १:१ चालतात. रॅम ४००० वर नेली की ऑटोमध्ये कंट्रोलर २:१ वर घसरून १००० वर येतो. आकडा मोठा दिसतो, पण लेटन्सी (डेटा हाती येईपर्यंतचा उशीर) वाढते आणि गेम मंदावू शकतात. इंटेलने २०२१ मध्ये अकराव्या पिढीत गिअर १ (१:१) आणि गिअर २ (२:१) आणले, तेही याच जातीचे. कोअर २ च्या काळी एफएसबी आणि रॅम १:१ ठेवण्याचा आग्रह धरणारे बरेच होते, मला तो कधी पटला नाही. रायझनवर तो धरावाच.

सेटिंग करून झालं की पहिल्या रात्री हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा, पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावा आणि झोपा. सकाळी एकही लाल ओळ नसेल तरच ती केबल परत जोडा.