व्हिएतनाममध्ये कंपनी काढताय? या चुका टाळा

चाकण-भोसरीकडचे बरेच जण हल्ली चायना प्लस वन (चीनसोबत आणखी एका देशात उत्पादन) म्हणत हो ची मिन्ह सिटीची तिकिटं काढतात आणि तिथली स्कूटरींची गर्दी, मॉल, कॅफे बघून म्हणतात, अरे हे तर आपल्यापेक्षा ओपन मार्केट! रस्त्यावर आहेच हो, फाइलीत नाही. डिसेंबर १९८६ मध्ये तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने दोइ मोई नावाच्या, बाजार खुला करणाऱ्या सुधारणा सुरू केल्या, २००७ ला देश डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) गेला, पण कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच करायचं ही जुनी सवय काही गेली नाही. रजिस्ट्रेशनमध्ये नुसतं मॅन्युफॅक्चरिंग लिहिलं आणि नंतर बाहेरचा माल आणून विकायला लागलात की अडकलात. त्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांत जे जे करायचंय ते आधीच त्यात टाका.

सगळ्यात महाग चूक भांडवलाची. वजन पडावं म्हणून लोक कॅपिटलचा आकडा फुगवून लिहितात आणि मग कळतं की कंपनी नोंदणीचं सर्टिफिकेट मिळाल्यापासून ९० दिवसांत तेवढे पैसे खरोखर आणायचेत, तेही डायरेक्ट इन्व्हेस्टमेंट कॅपिटल अकाउंट नावाच्या वेगळ्या खात्यातूनच. आमच्या ओळखीतल्या एकाने घाईत पहिला हप्ता कंपनीच्या साध्या करंट खात्यात पाठवला, तर बँक म्हणे हे भांडवल नाहीच. मग पैसे परत पाठवा, इकडच्या बँकेला ओडीआयचे, म्हणजे भारतातून परदेशात गुंतवणुकीचे, कागद पुन्हा समजावा, आणि ९० दिवस काय थांबत नाहीत! तुमचंही असं झालं असेल तर ते पैसे अजिबात खर्च करू नका, आधी बँकेकडून लेखी घ्या, पैसे परत पाठवा आणि मग योग्य खात्यातून पुन्हा आणा. कारण उद्या नफा घरी न्यायचा तर हेच कागद मागतात, आणि नफाही वर्षाचं ऑडिट आणि टॅक्स झाल्यावरच निघतो, मागचा तोटा शिल्लक असेल तर तोही नाही.

जमीन "विकत घेतली" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. जमीन तिथे सगळ्या जनतेची, कारभार सरकारचा, तुम्हाला मिळतो फक्त वापरायचा हक्क, साधारण ५० वर्षांचा. इंडस्ट्रियल पार्कमध्ये प्लॉट घेताना हे ५० वर्षांचं घड्याळ पार्कवाल्याचं असतं, तुमचं नाही, म्हणजे पार्क २००५ चा असेल तर उरली किती ते बोटांवर मोजा.

छोट्या खर्चाचंही तसंच. रेड इन्व्हॉइस, म्हणजे त्यांचं अधिकृत व्हॅट बिल, घेतलं नाही तर तो खर्च टॅक्सवाला धरतच नाही, मग दुकानदार कितीही गोड बोलून वहीतला कागद फाडून देऊ दे. आणि युनियन नसली तरी पगाराच्या २ टक्के युनियन फंडात जातात, बजेटमध्ये हे कुणी धरत नाही.

शेवटचं, कंपनीचा लीगल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे कंपनीतर्फे कायदेशीर सही करणारा माणूस, एकच असेल आणि तो गणपतीला पुण्यात येणार असेल तर निघायच्या आधी दुसऱ्याच्या नावाने लेखी अधिकारपत्र करून ठेवा, नाहीतर इकडे आरती चालू आणि तिकडे पगाराच्या कागदावर सही करायला माणूस नाही.